कौल, शपथ आणि मतपेटी: राजकीय नीतीची धार्मिक मुळे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान गोव्यातल्या मराठी वाचकांसाठी आहे. देवस्थानाच्या महाजन (हक्कदार सभासद) सभेला बसणारे, कॉलेजात या विषयावर प्रकल्प लिहिणारे आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री नारळावर हात ठेवायला बोलावले जाणारे, सगळ्यांचे प्रश्न यात आहेत. जे जास्त विचारले जातात ते वर ठेवले आहेत.

राजकीय नीतीची मुळे धर्मात आहेत म्हणजे राजकारणात धर्म आणावा, असे म्हणायचे आहे का?

नाही. मानकुरादाचे कलम कोणाच्या कुळागरातून आणले ते ठाऊक असले, म्हणून दरवर्षी त्याच्या घरी आंबे पोचवावे लागत नाहीत. मुळे म्हणताना तीन गोष्टी वेगळ्या धराव्यात: शब्द, कामकाजाची पद्धत, आणि आपल्याला कोणाला तरी जाब द्यायचा आहे ही जाणीव. या तिघी एकत्र प्रवास करत नाहीत. कधी शब्द देवळातला असतो आणि पद्धत कचेरीतली. कधी पद्धत विहारातली असते आणि तिचे नाव इंग्रजी. वाद बहुतेक वेळा या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतात.

'जनमताचा कौल' यातला कौल देवळातला आहे का?

थेट नाही, आणि गोष्ट त्याहून रंजक आहे. कौल हा मूळ अरबी शब्द. अर्थ बोललेला शब्द, वचन. मराठीत तो दरबारी कागदांतून रुळला. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार कौल देई, म्हणजे इतकी वर्षे सारा कमी घेऊ असा शब्द देई. त्याचा कागद तो कौलनामा. शरण येणाऱ्याला अभयाचा कौल मिळे. वरच्याने खालच्याला दिलेले वचन असा त्याचा रोख होता. गावाचा खरा धनी ग्रामदेव, म्हणून त्याचा शब्दही कौलच झाला.

देवाचा कौल कसा लावतात ते पाहिले की पुढचा मुद्दा कळतो. मूर्तीच्या किंवा पाषाणाच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या, कळे, पाने किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात. फूल कोणते, जागा किती, हे देवस्थानागणिक बदलते. पुजारी गाऱ्हाणे घालतो आणि प्रश्न असा मांडतो की उत्तर होय किंवा नाही यातच यावे. उजवी पाकळी आधी पडली तर सर्वसाधारणपणे होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ काहीच पडले नाही, तर प्रश्नाची मांडणी बदलून पुन्हा विचारतात.

इथे लक्ष पाकळीवर असते, पण वजन प्रश्न मांडणाऱ्याच्या हातात असते. मतपत्रिकेचेही तसेच. गोव्याच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोनच पर्याय होते: महाराष्ट्रात विलीनीकरण, चिन्ह फूल, किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहणे, चिन्ह दोन पाने. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, वेगळेपणाला १,७२,१९१. स्वतंत्र घटकराज्य हा पर्याय छापलेलाच नव्हता; ते ३० मे १९८७ ला मिळाले. (फूल आणि पान ही चिन्हे प्रसादाच्या, म्हणजे देवाच्या कौलाच्या, पाकळ्यांशी जुळतात हा योगायोग आहे. त्यावर सिद्धांत उभारू नये. काहींनी तोंडी उभारलेले आहेत.)

दोन्ही कौलांत एक मोठा फरक आहे. देवाला पुन्हा विचारता येते. मतदाराला मात्र निकाल आवडला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारता येत नाही. म्हणून मतदानाआधीची तयारी इतकी महत्त्वाची. १९६७ च्या आधी विलीनीकरण हवे असलेल्या मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला आणि मतदान राष्ट्रपती राजवटीत झाले, कारण ज्याला एक उत्तर हवे आहे त्याच्याच हाती यंत्रणा असू नये. गोव्याच्या राजकीय नीतीतला हा दाखला जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही.

२०२२ मध्ये उमेदवारांनी देऊळ, खुरीस (क्रूस) आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेतली होती. तिला कायद्यात किंमत किती?

शून्य. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ देण्यात आली. सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले.

आता आकडेमोड बघा. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदानुसार विधिमंडळ पक्षाचे किमान दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला राजी असतील तर अपात्रता टळते. ११ चे दोन तृतीयांश ७.३३, म्हणजे ८ लागतात. नेमके ८ गेले. जुलै २०१९ मध्ये १५ पैकी १० गेले होते. १५ चे दोन तृतीयांश बरोबर १०. तिन्ही ठिकाणच्या देवांना दिलेला शब्द कोणी मोजला नाही, अनुसूचीतला आकडा मात्र चोख मोजला गेला.

ही शपथ का टिकली नाही याची कारणे श्रद्धेच्या कमीजास्त असण्यात शोधू नयेत. रचनेतच खोट होती. शपथ घेणारा आणि तिचा अर्थ लावणारा एकच होता. साक्षीदार बोलत नाही. मोडल्यास काय, हे कुठे लिहिलेले नव्हते. शिवाय प्रत्येक परंपरेत शपथेतून सुटण्याची वाट असते: प्रायश्चित्त, धर्मगुरूकडून सूट, किंवा देवाला पुन्हा विचारणे. ही शेवटची वाट वापरल्याचे त्या वेळी जाहीरपणे सांगितलेही गेले.

मग संविधानातल्या शपथेत तरी 'ईश्वरसाक्ष' कशाला?

तिथे पर्याय आहे. तिसऱ्या अनुसूचीत 'ईश्वरसाक्ष शपथ' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा' यांपैकी एक निवडता येते आणि दोन्हींचे परिणाम सारखेच. आमदाराची शपथ अनुच्छेद १८८ खाली. ती न घेता सभागृहात बसले किंवा मत दिले तर अनुच्छेद १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड. ही रक्कम १९५० पासून तीच आहे, आज ती हास्यास्पद वाटते, पण मुद्दा असा की इथे चूक, दंड आणि वसुली तिन्ही लिहून ठेवलेली आहेत.

हा पर्याय नास्तिकांनी मिळवून दिला असा समज आहे. अर्धाच खरा. आधी तो मागितला अतिशय धार्मिक लोकांनी. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की मुळीच शपथ वाहू नका, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. इंग्लंडातल्या क्वेकर पंथाने हे शब्दशः धरले, न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला, तुरुंगवास सोसला, आणि १६९५-९६ च्या सुमारास कायद्याने त्यांना साधे प्रतिज्ञापन करण्याची मुभा दिली. नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनहून ब्रिटिश संसदेवर निवडून आले तेव्हा त्यांना सभागृहात बसू देण्यावरून वर्षानुवर्षे रण माजले. सर्वांना मुभा देणारा कायदा १८८८ ला झाला. आपल्याकडे न्यायालयीन कामासाठी तीच सोय १९६९ च्या शपथ कायद्यात आहे.

संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मांडली. बाजूने ४१, विरोधात ६८. विरोध करणाऱ्यांत आस्तिक पुष्कळ होते. ज्याची श्रद्धा नाही त्याच्यावर ती लादू नये आणि देवाला मतदानाला लावू नये, हे त्यांचे म्हणणे होते.

पैसे देऊन देवाची शपथ घ्यायला लावतात. ती पाळावी लागते का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. गावात त्यामुळे खरोखर लोकांची झोप उडते. दोन बाजूंनी उत्तर देतो.

कायदा: लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(१) खाली ही लाच, आणि १२३(२) खाली गैरवाजवी दबाव. या दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की अमुक न केल्यास दैवी कोप होईल किंवा धर्मातून निंदा होईल असे मतदाराला पटवणे हा त्याच्या मताधिकारात हस्तक्षेप मानला जाईल. भारतीय न्याय संहितेत लाच कलम १७० मध्ये आणि गैरवाजवी दबाव कलम १७१ मध्ये आहे; शिक्षा १७३ आणि १७४ मध्ये. लक्षात असू द्या, पैसे घेणाराही लाचेच्या गुन्ह्यात येतो.

धर्म: कॅथलिक नीतिशास्त्रात वाईट कृत्य करण्याची शपथ बांधीलच नसते. घेणे हे पाप, पाळणे हे दुसरे पाप. बायबलमधल्या हेरोद राजाने शपथेपायी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिर दिले, हे उदाहरण त्यासाठीच सांगतात. हिंदू धर्मशास्त्रातही अधर्म्य प्रतिज्ञेला प्रायश्चित्ताची वाट आहे. नारळ ठेवणारा माणूस यातले काही सांगत नाही, अर्थात.

करायचे काय: आचारसंहिता लागू असताना निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो, नाव न देताही. प्रतिसादाची मर्यादा १०० मिनिटे ठेवलेली आहे. चूक इथे होते: लोक घरी येऊन आठवणीने तक्रार टाकायला जातात. ॲप त्या जागेवरच, त्याच वेळी टिपलेले चित्र घेते, गॅलरीतले नाही. मतदार मदतक्रमांक १९५०. निकालानंतर निवडणूक याचिका करायची असेल तर ती उच्च न्यायालयात, ४५ दिवसांच्या आत. मुदत चुकली की पुरावा कितीही पक्का असला तरी उपयोग नाही.

प्रचारात धर्माचे नाव घेतले तर निवडणूक रद्द होते का?

होऊ शकते. कलम १२३(३). २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की या कलमातला 'त्याचा धर्म' म्हणजे उमेदवाराचा तसाच मतदाराचाही धर्म. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक याच कलमाखाली रद्द झाली होती आणि १९९५ ला ते सर्वोच्च न्यायालयात कायम झाले. धार्मिक विषयावर बोलणे आणि धर्माच्या नावाने मत मागणे यांतली रेघ मात्र बारीक आहे, आणि तीन न्यायाधीशांचे भिन्नमत तिच्याबद्दलच होते. वाचावे असे आहे ते.

बहुमत, गणपूर्ती, गुप्त मतदान: हे सगळे पोर्तुगीज किंवा इंग्रजांकडून आले ना?

सध्याचे नियम त्यांच्या मार्गाने आले हे खरे. पण या कल्पना फक्त त्यांच्या नाहीत. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बौद्ध भिक्खुसंघाकडे बोट दाखवले होते: बैठकव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळे संघाला ठाऊक होते. विनयपिटक, म्हणजे संघाच्या नियमांचा ग्रंथ, उघडून पाहिले तर तपशील थक्क करणारे आहेत.

संघाच्या कामाला किमान ४ भिक्खू हवेत. उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खुदीक्षेला, १०. गंभीर दोषानंतर भिक्खूला परत घ्यायला २०. अवंती आणि दक्षिणापथात दहा भिक्खू जमवताना वर्षे जात, तेव्हा सीमेवरच्या मुलखासाठी उपसंपदेची गणपूर्ती ५ वर आणली, पण त्यांतला एक विनय जाणणारा असावा अशी अट घालून. आकडा कमी केला तेव्हा जाणकारीची अट वाढवली. आजच्या किती संस्था गणपूर्ती कमी करताना हे करतात? अर्धा तास तहकूब करून त्याच चार माणसांत सभा पुढे चालू, हीच आपली रीत.

प्रस्ताव मांडणे म्हणजे ञत्ती. मग कम्मवाचा, म्हणजे ठरावाचे वाचन, साध्या कामाला एकदा, मोठ्या कामाला तीनदा. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावे, ज्याला नाही त्याने बोलावे. आजारी असलेला आपली संमती, 'छंद', दुसऱ्याबरोबर पाठवू शके. वाद मिटत नसेल तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत घेत; त्याला येभुय्यसिका म्हणत. काड्या गुप्तपणे, कानात सांगून किंवा उघड, अशा तीन रीतींनी घेता येत. वाटणारा शलाकाग्राहक पक्षपात, द्वेष, मोह आणि भीती या चारांपासून मुक्त असावा अशी अट.

आणि इथेच फट आहे. गुप्त रीतीत अधर्माच्या बाजूने जास्त काड्या पडल्या, तर त्या नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून मतदान बाद करण्याची मुभा शलाकाग्राहकाला आहे. सत्य आधीच ठरलेले आहे आणि मोजणी त्याला पुष्टी द्यायला, असा तो विचार. मोजणाऱ्याच्या सद्गुणांची यादी इतकी लांब का, ते यावरून कळते: सगळा भार त्याच्यावर आहे.

युरोपातल्या चर्चने हाच धडा भांडणातून घेतला. तिथल्या निवडींत 'मोठा आणि अधिक सुज्ञ भाग' जिंकतो असा नियम होता. सुज्ञ कोण? प्रत्येक गट म्हणे, आम्ही. ११५९ मध्ये एकाच वेळी दोन पोप निवडले गेले आणि फूट जवळजवळ वीस वर्षे चालली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने सुज्ञपणाचा प्रश्नच बाजूला ठेवला आणि पोपच्या निवडीला सरळ दोन तृतीयांश मते लावली. गुप्त मतपत्रिका १६२१ मध्ये सक्तीच्या झाल्या. पावित्र्याच्या दाव्याने भांडण मिटत नाही, उलट चिघळते, हे धर्मसंस्थांना राज्यसंस्थांच्या आधी उमगले. आधुनिक राजकीय नीतीला धर्माकडून मिळालेला सर्वांत टिकाऊ वारसा आमच्या मते हाच: पवित्र माणसावरही नुसता विश्वास टाकायचा नाही, मोजायचे आणि लिहून ठेवायचे.

आमची गावकरी म्हणजे मूळची लोकशाहीच ना?

अर्धी. १५२६ चा अफोंसो मेशियाचा फोराल (सनद) हा गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईक चालवणाऱ्या गावकरांच्या संस्थेच्या, रूढींचा सर्वांत जुना सरकारी लेखी संग्रह. तिसवाडीचे ३१ गाव, त्यांतले ८ मुख्य, कुळवार मान, कुलकर्ण्याने ठराव लिहिणे, सगळे त्यात आहे. मत वांगडाचे (कुळाच्या गटाचे), माणसाचे नव्हे, आणि निर्णयाचा कल एकमताकडे. एक वांगड अडून बसला तर काम अडे. यामुळे धाकट्या कुळाला वजन मिळे, तसेच बदल रोखणेही सोपे होई.

पण गावकर जन्माने ठरे, आणि पुरुष वारसाने. शेत कसणारे कूळ, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार, मीठगरावरचा मजूर, बायका यांना जागा नव्हती. तिला लोकशाही म्हणताना 'कोणाची' हे विचारावेच लागते.

गावकरीचा खरा धडा दुसरा आहे. सोळाव्या शतकात साष्टी, बार्देश, तिसवाडीत देवळे पाडली गेली, देव नदीपलीकडे गेले: मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. मागे राहिलेले गावकर ख्रिस्ती झाले. तरी वांगड राहिले, जोण (गावकराला मिळणारा उत्पन्नाचा वाटा) राहिले, ठरावाची रीत राहिली. खर्च देवळाऐवजी इगर्जीवर (चर्चवर) पडू लागला, एवढेच. गावकरीची अखेरची संहिताही १९६१ ची, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षातली. धर्म बदलला आणि पद्धत तशीच चालू राहिली, म्हणजे ती पद्धत एकाच धर्माची मालमत्ता नव्हती. कुंकळ्ळीची बारा वांगडांची बारा छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून निघते तेव्हा तीत हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घराण्यांचा मान आजही असतो.

धर्मनिरपेक्षता ही पाश्चात्त्य, किंबहुना ख्रिस्ती कल्पना आहे. आपल्याला ती कशी लागू?

तिचे एक मूळ ख्रिस्ती आहे खरे, आणि तेही कडव्या ख्रिस्त्यांचे. १६४४ मध्ये धर्मोपदेशक रॉजर विल्यम्सने चर्चची बाग आणि जगाचे रान यांच्यामध्ये कुंपण हवे असे लिहिले, ते बाग वाचवण्यासाठी. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने १६२५ मध्ये म्हटले की देव नाही असे घटकाभर मानले तरी नैसर्गिक न्याय लागू राहीलच. त्याला ते मानणे हेच घोर पाप वाटत होते, तरी दार त्याने उघडले. आपल्याकडे अशोकाचा बारावा शिलालेख सांगतो की स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करताना वाणीला आवर घाला, कारण दुसऱ्याच्या पंथाला हीन लेखणारा स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो.

गोव्यापुरते बोलायचे तर हा वाद पुस्तकी नाही. इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मध्ये १७७४ ते १७७८ खंड. पोर्तुगालच्या १८२६ च्या सनदेत कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि २० एप्रिल १९११ चा कायदा होऊन चर्च आणि राज्य वेगळे झाले. गोव्यातल्या हिंदूला बरोबरीचे नागरिकत्व हाती लागले ते तेव्हा. लिस्बनमध्ये चर्चला बाहेर ठेवणाऱ्या राज्यामुळे इथल्या देवळाला श्वास घेता आला, हे धर्मनिरपेक्षतेला परकी म्हणताना आठवावे.

गोव्याचा समान नागरी कायदा तरी धर्मापासून मोकळा आहे ना?

बराचसा, पूर्ण नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून लागू झाली. १८८० च्या हुकमाने हिंदूंच्या काही रूढी राखल्या. त्यात पत्नीला २५ व्या वर्षापर्यंत अपत्य नसल्यास किंवा ३० व्या वर्षापर्यंत पुत्र नसल्यास, तिच्या संमतीने दुसरे लग्न, हे कलमही आहे. वापर जवळजवळ नाही, पण कागदावर आहे. कॅथलिकांच्या चर्चमधल्या विवाहालाही १९४६ पासून वेगळी वाट आहे. 'समान' हा शब्द वापरताना ही टाचणे लावावीत.

पाद्री किंवा पुजारी निवडणूक लढवू शकतो का?

देशाच्या कायद्याने हो. कॅथलिक पाद्रीला मात्र चर्चचा कायदाच अडवतो: कॅनन २८५ नागरी सत्तेचे पद घेण्यास मनाई करतो, कॅनन २८७ पक्षात सक्रिय होण्यास. पुजाऱ्यावर असे सार्वत्रिक बंधन नाही.

समतेचे मूळ धर्मात असेल तर देवळातच विषमता का?

कारण एकाच धर्मात दोन्ही आहेत, आणि संस्था बहुधा विषमतेच्या ताब्यात असते. वारकरी वाटेवर एकमेकांच्या पाया पडणे होते; चोखोबा मात्र देवळाबाहेर राहिले. देवापुढची समता गावात आपोआप उतरत नाही, ती कायदा आणि चळवळ यांना उतरवावी लागते. म्हणूनच फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतले. त्याच आंबेडकरांनी १९४९ च्या भाषणात बजावले की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. यात विसंगती नाही. पहिल्या विधानात ते तत्त्व घेतात, दुसऱ्यात माणसापुढे वाकणे नाकारतात.

महाजन सभेत यातले काय वापरता येईल?

देवस्थान कायदा १९३३ चा, तालुक्याचा मामलेदार हा प्रशासक, समिती महाजनांतून तीन वर्षांसाठी. ही चौकट सर्वांना माहीत असते. सभा बिघडते ती बारीकसारीक जागी.

ठराव सभेआधी लिहून काढा आणि तोच मजकूर दोनदा वाचा. आयत्या वेळी तोंडी मांडलेला ठराव इतिवृत्तात वेगळाच उतरतो. गणपूर्ती सुरुवातीला मोजता तशी मतदानाच्या क्षणीही मोजा, कारण महाप्रसादाची पंगत बसली की अर्धी सभा उठते. 'कोणाची हरकत?' हे विचारून सावकाश दहा आकडे मोजण्याइतके थांबा. विरोध करणाऱ्याचे नाव आणि कारण इतिवृत्तात घ्या. बरेच जण फक्त तेवढ्यासाठीच भांडत असतात आणि ते मिळाले की शांत होतात. खजिनदाराने मते मोजू नयेत. आणि पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत गाऱ्हाण्याला जो 'होय महाराजा'चा गजर होतो, तो ठरावाची संमती म्हणून लिहू नका. तो देवाला दिलेला प्रतिसाद आहे. 'सर्वानुमते' असे लिहिलेले निम्मे ठराव याच गजराचे असतात.

हिशोबाबद्दल एक जुना दाखला. तमिळनाडूत उत्तिरमेरूरच्या सभेच्या भिंतीवर दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, पहिल्या परांतक चोळाच्या काळातला लेख आहे. ३० प्रभाग, वय ३५ ते ७०, नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून लहान मुलाच्या हातून काढणे, मुदत ३६० दिवस. आणि आधी पद भूषवून हिशोब न दिलेला माणूस, त्याच्या जवळच्या नातलगांसकट, अपात्र.

म्हणजे आजच्या अपात्रतेचा नियम तिथून आला?

नाही, आणि प्रकल्प लिहिणारे इथेच घसरतात. आज लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, आणि न दिल्यास कलम १०(क) खाली तीन वर्षांची अपात्रता. साम्य लखलखीत आहे. पण साम्य म्हणजे वारसा नव्हे. मूळ सांगण्याआधी तीन गोष्टी तपासा. तारखा जुळतात का? एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट दाखवता येते का: भाषांतर, अधिकारी, शाळा, अनुवादित कायदा? आणि वाटेत अर्थ बदलला का? उत्तिरमेरूर दुसऱ्या प्रश्नावर अडते. गावकरी ते १९६१ ची संहिता तिन्हींवर उतरते. कौल तिसऱ्यावर सर्वांत रंजक.

जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिटने १९२२ मध्ये राज्यशास्त्राच्या सगळ्या महत्त्वाच्या कल्पना या धर्मशास्त्रीय कल्पनांचे ऐहिक रूप आहेत असे म्हटले. जर्मन तत्त्वज्ञ हान्स ब्लूमेनबर्गने १९६६ मध्ये उलट विचारले: जुन्या प्रश्नाच्या जागी नवे उत्तर बसले, म्हणून ते उत्तर जुन्याचीच मालमत्ता कसे? प्रकल्पात दोघांना घ्या. एकट्या श्मिटवर लिहिलेले प्रकल्प सगळे एकाच छापाचे दिसतात.

धर्म न मानणाऱ्याच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकलाही १६८९ मध्ये हाच प्रश्न पडला होता. सहिष्णुतेचा कैवार घेताना त्याने नास्तिकांना वगळले, कारण त्यांना शपथ बांधत नाही. त्याचे उत्तर पुढच्या इतिहासाने खोटे ठरवले. देवाची शपथ घेऊनही ती मोडल्याचे २०२२ चे उदाहरण वर आहेच.

देवाला गाऱ्हाणे घालतो तसेच सरकारला निवेदन देतो. फरक काय?

गाऱ्हाण्यात पोच नसते. निवेदनाची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिले अपील ३० दिवसांच्या आत. देवस्थानाने मामलेदारांकडे सादर केलेले हिशोब हवे असतील तर अर्ज मामलेदार कचेरीतल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, आणि कोणत्या वर्षाचा ताळेबंद हवा ते वर्ष लिहा. 'सगळे हिशोब द्या' असा अर्ज केला की 'माहिती नेमकी नाही' एवढेच उत्तर येते आणि ३० दिवस जातात.